७०७५ टी६ ॲल्युमिनियमला तडे का जातात

एका दादांनी लिहिलंय की ७०७५ चा (झिंक-मॅग्नेशियम घातलेल्या मजबूत ॲल्युमिनियमचा) ब्रॅकेट तडकला म्हणजे मटेरियलच डुप्लिकेट असणार, मला नाही पटत. केमिस्ट्री रिपोर्ट ओके असला तरी तडा जातो ओ, कारण खरा खेळ ग्रेन बाउंड्रीवर, म्हणजे धातूतल्या बारीक स्फटिकांच्या (ग्रेनच्या) सीमेवर असतोय. टी६ म्हणजे १२० डिग्रीला २४ तास एजिंग (तापवून ठेवून धातू कडक करणं), ताकद भरपूर मिळते पण बाउंड्रीवर मॅग्नेशियम-झिंकचे बारीक कण दाटीनं बसतात, त्यांच्या शेजारी कणच नसलेला मऊ पट्टा राहतो, मग ओल लागली की हे कण आधी गंजायला लागतात, त्यातनं सुटलेला हायड्रोजन बाउंड्रीत शिरतो आणि जॉबवर (बनवलेल्या भागावर) सतत ताण असला की तडा बाउंड्री धरूनच पुढं सरकतो. आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यातली दमट हवासुद्धा पुरते त्याला, खारं पाणीच लागतंय असं नाही.

दुसरं म्हणजे दिशा. रोल केलेल्या जाड प्लेटमध्ये ग्रेन चपातीच्या पदरांसारखे चपटे असतात, जाडीच्या दिशेनं ओढ पडली की सगळ्यात वाईट. शिरोलीत (कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत) जॉब देताना ड्रॉइंगवर ही दिशा लिहाच, आणि बुश (भोकात बसणारी नळी) प्रेस फिट म्हणजे दाबून बसवलेलं असेल तर तिथं कायमचा ताण राहतोय हेही बघा.

माझं मत, टी६ ऐवजी टी७३ (जास्त एजिंग केलेलं तेच ७०७५) घ्या. जास्त एजिंगनं बाउंड्रीवरचे कण मोठे आणि लांब लांब होतात, ताकद १०-१५ टक्के जाते पण तडा रोखायला लई फरक पडतो. शंका असेल तर कंडक्टिव्हिटी मीटर लावा, टी७३ ला ३८ टक्के आयएसीएसच्या (तांब्याच्या तुलनेत वीज वाहण्याचं माप) वर यायला पाहिजे, टी६ साधारण ३३ च्या आसपास दाखवतं.