मदत हवी आहे: जुन्या वहीतले 'नळे' म्हणजे काय?

वाडावाला: घराण्याचं पुस्तक उद्या छापायला जातंय. पणजोबांच्या वहीत 'नळे २००० आणिले' असं आहे. मी 'नळ बसवले' लिहिलं तर चुलतभाऊ हसतोय. लवकर सांगा, प्रेसवाला खोळंबलाय.

तिरकस: दोन हजार नळ? वाडा होता की धर्मशाळा? गाव कुठलं, साल कुठलं?

पाणीखाते_निवृत्त: हसण्यासारखं काही नाही. खापरी नळ असणार. भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवून पाणी आणायची पद्धत जुनीच आहे. औरंगाबादच्या पाणचक्कीला पाणी असंच आणलंय.

शुद्धलेखन_काका: एक नळ, दोन नळ. अनेकवचनातही नळच राहतो. 'नळे' व्हायला मूळ शब्द 'नळा' हवा. वही मोडीत आहे का? नीट वाचलीत ना?

खादाड: मला नळी म्हटलं की मटणातलीच आठवते. ताटावर आपटून आपटून मगज काढायचा. बाकी चालू द्या.

वाडावाला: अहो, बाळबोध आहे, स्वच्छ अक्षर. कुडाळजवळचं गाव, १९३८. पुढे 'वासे, रिपा' आणि 'कुंभारास रोख' आहे. पण त्याने काय फरक पडतो?

माजघर: हे आधी सांगायला काय झालं होतं! नळे म्हणजे कौलं. आम्ही मालवणीत तेच म्हणतो, गोव्यातही तेच. कुंभार चाकावर एका टोकाला निमुळतं नळकांडं काढतो आणि ओलं असतानाच उभं चिरून त्याचे दोन नळे करतो. छपरावर एक ओळ उताणी, तिच्या सांध्यावर दुसरी पालथी. पावसाच्या आधी नळे परतायचे, आणि मध्येच माकडं नाचून गेली की पुन्हा चढायचं. बासल मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा, पण मंगलोरी कौलं विकत आणणं सगळ्यांना कुठे परवडायचं? गावचा कुंभार बरा.

पाणीखाते_निवृत्त: तरी खापरी नळाची शक्यता नाकारता येत नाही.

माजघर: पाण्याच्या लाइनीला वासे आणि रिपा घालायचे का तुमच्या खात्यात?

आजीचा_बटवा: पोटातल्या नळांबद्दल कुणीच बोललं नाही. नळ फुगले असतील तर ओवा चावून वर कोमट पाणी घ्या.

पत्रेवाला: नळे बदलताय कशाला, सरळ पत्रे घाला. गळतीची कटकट नाही.

तिरकस: मे महिन्यात दुपारी त्या पत्र्याखाली झोपून दाखवा.

वाडावाला: घर कधीच स्लॅबचं झालंय, काही बदलत नाहीये! 'कौलं' लिहितो, संपलं.

शुद्धलेखन_काका: 'नळे'च ठेवा आणि खाली टीप द्या.

वाडावाला: टीपेला जागा नाही. बरं, त्याच पानावर 'नळी १, बारा आणे' पण आहे. ती कसली?

माजघर: पैसे कुणाला दिले? लोहाराला असतील तर चुलीची फुंकणी असेल. बंदुकीचीही असू शकते, घरात ठासणीची होती का? पानाचा फोटो टाका आता.