चर्चा: पोटाची सीटी अँजिओ. धमनी जितकी पांढरी, तितकी तपासणी चांगली?

कृष्णधवल (धागालेखक)

नमस्कार मंडळी. मी रेडिओलॉजीत काम करतो. सीटी अँजिओ म्हणजे शिरेत आयोडीनचं औषध (कॉन्ट्रास्ट) सोडून धमन्यांची काढलेली सीटी; त्यामुळे धमनी पांढरी दिसते. नव्या सीटी यंत्राच्या खरेदीसाठी आमच्याकडे बैठक झाली. विक्रेत्याने पडद्यावर एकाच रुग्णाच्या महाधमनीची दोन चित्रं लावली. डावीकडे नेहमीचं १२० केव्हीचं (केव्ही म्हणजे क्ष-किरण नळीचा विद्युतदाब), उजवीकडे ड्युअल एनर्जीवरून, म्हणजे दोन ऊर्जांच्या स्कॅनवरून, गणिताने काढलेलं ४० केईव्हीचं (केईव्ही म्हणजे एकाच ठरावीक ऊर्जेच्या किरणांचं चित्र). उजवीकडची धमनी झळाळून उठलेली. बहुतेकांचं मत तिथेच ठरलं. माझं नाही ठरलं, म्हणून हा धागा.

आयोडीन ३३.२ केईव्हीच्या वर लगेच क्ष-किरण एकदम जोरात शोषतं. त्यामुळे चित्राची ऊर्जा ४०पर्यंत खाली आणली की कॉन्ट्रास्ट भरलेली धमनी आपसूकच उजळते. पण सोबत कॅल्शियमही उजळतं. सत्तरीच्या मधुमेही रुग्णाची आतड्याची मुख्य धमनी, म्हणजे एसएमए, तोंडाशीच कॅल्शियमने भरलेली असते. ४० केईव्हीवर तो थर फुगून दिसतो आणि आतली पोकळी आहे त्याहून अरुंद वाटते. पोट दुखतंय, रक्तातलं लॅक्टेट (ऊतींना रक्त कमी पडल्याची खूण) चढतंय, आतडं वाचवायला हाताशी थोडे तास आहेत, अशा वेळी तिथे फसणं परवडत नाही.

दुसरी गोष्ट मोजमापाची. बहुतेक शोधनिबंधांत महाधमनीत एक गोल काढतात, एक कण्याशेजारच्या सोआस स्नायूत. उजेडातला फरक भागिले नॉइज (चित्रातला दाणेदारपणा), आला आकडा. मग दोन रेडिओलॉजिस्ट १ ते ५ गुण देतात. एसएमएची तिसऱ्या-चौथ्या पातळीवरची फांदी बंद आहे की नाही, हे यातून कळत नाही. नॉइज तर सॉफ्टवेअरने घासूनही कमी करता येतो. चित्र मेणासारखं गुळगुळीत होतं, आकडा सुधारतो, बारीक फांदी मात्र पुसट होते.

माझं म्हणणं एवढंच: ज्या प्रश्नासाठी स्कॅन केला त्याचं उत्तर मिळालं का, यावर दर्जा ठरवा.

अणुरेणू

असहमत. मी मेडिकल फिजिक्समधली. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत टाकताय.

जुन्या पद्धतीत ४० केईव्हीला नॉइज प्रचंड वाढायचा, हे खरं. पण फोटॉन काउंटिंग डिटेक्टरचा पायाच वेगळा आहे. नेहमीच्या डिटेक्टरमध्ये क्ष-किरणाचा आधी प्रकाश होतो, मग वीज. त्यात कमी ऊर्जेच्या क्ष-किरण कणाचं (फोटॉनचं) वजन कमी धरलं जातं, आणि आयोडीनची माहिती तर त्याच कणांत जास्त असते. कॅडमियम टेल्युराइडचा डिटेक्टर प्रत्येक कण थेट मोजतो आणि ठरावीक ऊर्जेखालचा विजेचा खडखडाट बाहेर ठेवतो. सीमेन्सच्या नेओटोम अल्फाला अमेरिकेत २०२१मध्ये मान्यता मिळाली ती याच तंत्रावर. त्याच्या सूक्ष्म मोडमध्ये ०.२ मिमीचे काप मिळतात, आणि कॅल्शियमचं फुगणं त्यातच कमी होतं. म्हणजे तुमच्या पहिल्या तक्रारीवर उपाय नव्या यंत्रातच आहे.

नॉइजच्या आकड्याला नावं ठेवणंही पटत नाही. निव्वळ किरणांच्या जोरावर नॉइज निम्मा करायचा तर डोस चौपट करावा लागतो. तरुण किडनीदात्याला तो द्यायचा? सॉफ्टवेअरने पोत बदलतो हे मान्य. त्यासाठी नॉइजचा पोत आणि बारीक वस्तू दिसण्याची क्षमता मोजायच्या पद्धती आहेत, त्या वापरा. मोजणंच सोडून 'उत्तर मिळालं का' एवढ्यावर आलात तर दोन केंद्रांची तुलना कशी करणार?

मूत्रपिंड_ओपीडी

दोघांनीही माझ्या रुग्णांचा विचार केलेला दिसत नाही. पांढरेपणा नुसता बघण्यासाठी नाही, तो खर्च करण्यासाठी आहे. ४०-५० केईव्हीवर आयोडीन इतकं उजळतं की कॉन्ट्रास्ट जवळजवळ निम्मं करूनही धमनी वाचता येते. ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) ३०च्या खाली असलेल्या, महाधमनी फुगलेल्या रुग्णाला स्टेंट ग्राफ्टआधी (धमनीत आतून बसवायच्या नळीआधी) एक स्कॅन लागतो आणि नंतर पाठपुराव्याचे अनेक. दर वेळी ८०-१०० मिली द्यायचं की ४५, हा फरक माझ्यासाठी मोठा आहे.

२०२२मध्ये शांघायच्या लॉकडाउनमुळे कॉन्ट्रास्टचा एक मोठा कारखाना अडकला आणि अनेक देशांत स्कॅन पुढे ढकलावे लागले. तेव्हा कमी आयोडीनची सवय असलेले विभाग बरे तरले. चित्र दिसतं तसंच ठेवून कॉन्ट्रास्ट कमी करा, ही माझी मागणी. त्यासाठी नवं यंत्र आलं तर मी स्वागतच करेन.

रात्रपाळी_टेक

मी कन्सोलवर बसतो. वरची सगळी चर्चा कॉन्ट्रास्ट वेळेवर पोचलं असं धरून चालली आहे. ते पोचत नाही.

आम्ही महाधमनीत छोटा गोल ठेवतो, उजेड १००-१५० एचयूला (सीटीतल्या उजेडाचं एकक) गेला की स्कॅन सुटतो. गोल चुकून भिंतीतल्या कॅल्शियमवर बसला की सुरुवातीलाच आकडा चढलेला असतो आणि स्कॅन आधीच सुटतो. पेशंटने मध्येच खोल श्वास घेतला की गोल धमनीच्या बाहेर, मग स्कॅन सुटतच नाही, हाताने सोडावा लागतो. वॉर्डातून मनगटावर निळा, म्हणजे बारीक, व्हेनफ्लॉन (शिरेत लावायची नळी) लावून पाठवतात, त्यातून सेकंदाला ४-५ मिली कसं जाणार? कोपराच्या शिरेत त्याहून जाड हिरवा किंवा निदान गुलाबी हवा. मागून सलाइन नाही दिलं तर शेवटचं कॉन्ट्रास्ट हाताच्या शिरेतच राहतं.

आणि यंत्र जितकं वेगवान तितकं हे नाजूक. हृदय कमजोर, महाधमनी फुगलेली, आत रक्त संथ, अशा वेळी टेबल कॉन्ट्रास्टच्या पुढे पळतं. खालच्या धमन्या काळ्या राहतात आणि रिपोर्टात बंद आहेत की काय अशी शंका येते. नव्या यंत्राच्या आधी वॉर्डातल्या सिस्टरांना आणि आम्हाला एकत्र बसवून हे शिकवा. जिल्ह्याच्या गावी १६ स्लाइसच्या साध्या यंत्रावर, सडपातळ पेशंटला ८० केव्ही लावून उत्तम अँजिओ निघते. ८०लाही आयोडीन १२०पेक्षा दीडपटीहून जास्त उजळतं.

टाका_धागा

प्रत्यारोपण सर्जन आहे. कृष्णधवल, मला पांढरी धमनीच हवी. किडनीच्या खालच्या टोकाला जाणारी जादा धमनी दीड मिमीची असते आणि मूत्रवाहिनीच्या वरच्या भागाला बहुधा तीच रक्त पुरवते. ती चित्रात सुटली आणि काढताना कापली गेली, तर घेणाऱ्या माणसाची मूत्रवाहिनी सडू शकते. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या दात्यांत जादा धमनी सापडते. दाता तरुण, कॅल्शियम नाही, तिथे ४० केईव्हीला तोड नाही.

कृष्णधवल

टाका_धागा, तुमच्या प्रश्नाला ४० केईव्ही हेच उत्तर आहे, माझ्या एसएमएच्या प्रश्नाला ते नाही. दर्जा प्रश्नावर ठरतो, तो असा. रात्रपाळी यांचं म्हणणं बैठकीत कोणीच मांडलं नव्हतं, ते मी लेखी देणार आहे.

अणुरेणू, मोजा, जरूर मोजा. पण कॅल्शियम भरलेल्या, अडीच-तीन मिमीच्या धमनीच्या मॉडेलवर मोजा, नितळ महाधमनीतल्या गोलावर नको. आणि वयस्कर रुग्णात ४० केईव्हीसोबत ७०चा संचही पॅक्सला (चित्रं साठवायच्या आणि बघायच्या संगणक यंत्रणेला) पाठवणं सक्तीचं करा. आज आमच्याकडे एकच संच जातो आणि तोही पोटाच्या नेहमीच्या विंडोत (पडद्यावर काळ्या-पांढऱ्यात दाखवायच्या उजेडाच्या अरुंद पट्ट्यात) उघडतो. धमनी आणि कॅल्शियम दोन्ही सपाट पांढरे, मधली सीमारेषाच दिसत नाही. विंडो रुंद केली की ती दिसते, पण रात्री दोन वाजता ती रुंद करायला कोणाच्या लक्षात राहणार?

अणुरेणू

कॅल्शियमच्या मॉडेलची अट मान्य. ७०च्या सक्तीला विरोध कायम. रुग्णामागे कापांचा ढीग दुप्पट होईल आणि वाचणारा दमेल. विंडो संचासोबतच रुंद ठरवून पाठवता येते, आधी ते करा. आणि खरेदीच्या कागदात विक्रेत्याकडून कॅल्शियम असलेल्या रुग्णांची चित्रं मागा, दोन्ही ऊर्जांची, त्याच डोसची.