प्रति: यमक ही नुसती सजावट?

या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की कवितेत अर्थ प्रतिमेतून येतो, यमक नुसती सजावट. प्रतिमेबद्दल मान्य, दुसऱ्या अर्ध्याबद्दल अजिबात नाही. वऱ्हाडी बोलीतल्या कवितेत तर नाहीच. आमच्याकडे, म्हणजे अकोला, अमरावती, यवतमाळच्या खेड्यांत, बोलताना 'ळ'चा 'य' होतो. काळा नाही, काया. डोळा नाही, डोया. त्यामुळे पुस्तकी मराठीत जे शब्द कधी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत, ते इथे जुळे होतात: काया आणि माया, आभाय आणि माय.

माझ्याच एका कवितेतली ओळ देतो: 'फाटलं आभाय, कुठं कुठं शिवन माय'. आभाळ फाटणं हा सगळ्यांना माहीत असलेला वाक्प्रचार. पण ते शिवायला माय येते ती आधी कानातून येते, कारण 'आभाय' उच्चारताच ती त्या शब्दात ऐकू येते. ध्वनीनेच इथे प्रतिमा सुचवली. एका दिवाळी अंकाने छापताना 'आभाय'चं 'आभाळ' केलं, बाकी अक्षरही बदललं नाही. व्याकरण शुद्ध झालं, अर्थही कोशाप्रमाणे तोच राहिला, पण आभाळ आणि आई यांचं नातं तुटलं. मला त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणून बोलीतली कविता आधी मोठ्याने वाचा, शक्यतो त्या भागातल्या माणसाकडून वाचून घ्या, मग यमक जुळलं की नाही ते ठरवा.