तोरोनेला मराठीत काय म्हणायचं? ‘इटालियन चिक्की’ काही पटत नाहीये

प्रश्न
मी सध्या मिलानला असते. मागच्या रविवारी घरी तोरोने करून बघितलं, म्हणजे मध, साखर, अंड्याचं पांढरं आणि भाजलेले बदाम घालून करतात ती इकडची नाताळातली मिठाई. फोटो पाठवला तर आई म्हणाली, "अगं चिक्की पांढरी कशी झाली, गूळ नव्हता का?" मग मामीलाही फोनवर "इटालियन चिक्की आहे" सांगून मोकळी झाले, पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. चिक्की कशी, हातात घेतली की कट्टकन मोडते. माझी वडी सुरी लावल्यावर आधी दबली, मग ताणली गेली आणि मग कुठे तुटली. इंग्रजीत म्हणतात तसं नोगट म्हणावं तर नोगट, नौगट, नूगा, जो तो आपला वेगळा उच्चार करतो. तर शब्द काय वापरायचा? आणि ते तोरोने, तो तोरोने की ती?

प्रतिसाद १
चिक्की नकोच. इटलीत चिक्कीला वेगळा शब्द आहे ना, क्रोक्कांते. साखर वितळवायची, बदाम घालायचे, लाटायचं, कापायचं, म्हणजे आपली चिक्कीच ती, नुसती गुळाच्या जागी साखर. तोरोनेत अंड्याचा फेस असतो आणि पाक त्या फेसात ओतून घोटतात म्हणून तो पांढरा होतो. फेस नाही तर तोरोने नाही. इटालियनमध्ये शब्द पुल्लिंगी आहे, पण मराठीत ‘वडी’ मनात असते म्हणून तोंडात ‘ती’च येणार, त्याला इलाज नाही.

प्रतिसाद २
व्युत्पत्ती मजेशीर आहे. तोरोने हा लॅटिन ‘तोर्रेरे’वरून, म्हणजे भाजणे, स्पॅनिश तुर्रोनसुद्धा त्यातलाच. फ्रेंच नूगा मात्र ‘नुक्स’वरून, म्हणजे कवचाचं फळ. एकाने नाव बदामावरून ठेवलं आणि दुसऱ्याने बदाम भाजण्यावरून. आपल्याकडे ‘भाजणी’ नाही का, त्यात काय आहे ते नावात नाहीच, काय केलं तेवढंच आहे.
इटलीतल्या क्रेमोना शहरातले लोक अर्थातच वेगळं सांगतात, १४४१ साली बियांका मारिया विस्कोंती आणि फ्रांचेस्को स्फोर्झा यांच्या लग्नात तिथल्या तोर्राझ्झो मनोऱ्याच्या आकाराची मिठाई केली, तोर्रे म्हणजे मनोरा, म्हणून तोरोने. लग्न खरं झालेलं आहे, मिठाईची मात्र दंतकथा. ऐकायला छान.

प्रतिसाद ३
नोगट लिहू नका हो, आम्ही जर्मनीत तोंडावर पडलोय. नूगाट लिहिलेलं बघून पाकीट आणलं तर आत चॉकलेट आणि हेझलनटचा मऊ लगदा. इथे नुसतं नूगाट म्हणजे तेच, तुमचं पांढरं हवं तर पांढरं नूगाट असं वेगळं मागावं लागतं. इराणचं गझ खाल्लंय का कुणी, इस्फहानचं, पिस्ते घातलेलं? ते याच घराण्यातलं.

प्रतिसाद ४
शब्दाचं चालू द्या पण पाक किती घ्यायचा ते सांगा ना ताई. एकतारी? गोळीबंद? आणि अंड्याचा बलक घालायचा की पांढरा बलक? आमच्याकडे बलक म्हणजे पिवळाच.

प्रश्नकर्ती
आमच्याकडेही बलक म्हणजे पिवळाच, म्हणून वर मुद्दाम ‘पांढरं’ लिहिलं. पिवळ्याचा ठिपका जरी गेला तरी फेस नीट चढत नाही.
पाक गोळीबंदच्या पुढचा लागतो. मध वेगळा तापवायचा, साधारण १२० अंश, तो बारीक धारेने फेसात आणि त्यामागून साखरेचा पाक, १४५ च्या आसपास. थर्मामीटर नसेल तर थेंब गार पाण्यात टाकायचा, त्याची गोळी न होता तार झाली आणि ती वाकून मग मोडली की झालं. इकडे जुन्या पद्धतीत मंद आचेवर तासन् तास घोटतात, कडक करायचा तर अजून जास्त, मी मऊच केला. पहिल्यांदा बदाम गार घातले तर सगळं मिश्रण जागेवर आवळलं आणि लाकडी चमचा मोडून आत राहिला. बदाम ओव्हनमधून गरमच घालायचे. आणि पावसाळ्यात मुंबईत करू नका, हवेतलं पाणी ओढून वड्या पाघळतात.

प्रतिसाद ५
वसईवरून. वरखाली तो पांढरा पापुद्रा असतो तो कागद नव्हे, स्टार्चचा असतो, खायचा असतो. आमच्या मुलांनी माहीमच्या हलव्याचा बटरपेपर सोलतात तसा सोलून टाकला सगळा. इटालियनमध्ये त्याला ‘ओस्तिया’ म्हणतात, आणि चर्चमध्ये मिस्साला जी पातळ चकती मिळते तिलाही तोच शब्द.

प्रतिसाद ६
मग ‘फेसवडी’ म्हणा की. किंवा ‘बदामभाजणी’, थालीपीठ लावायला येतील लोक.

प्रश्नकर्ती
फेसवडी मला आवडला होता, आई म्हणाली साबणाचं वाटतं.
पण काल निकाल लागला. मामीचा फोन आला, "तू येशील तेव्हा आण हो ती चिक्की, संकष्टीला होईल मला." शेंगदाण्याची चिक्की तिला उपासाला चालते, तेव्हा नुसतं नाव ऐकून तिने यालाही उपासाच्या डब्यात बसवून टाकलं, आणि मामी तर एरवीसुद्धा अंडं खात नाही. मी गप्पच बसले क्षणभर, मग सांगितलं. "अगं मग चिक्की कशाला म्हणालीस!" म्हणून वैतागली आणि बरोबरच होतं तिचं.
आता डब्यावर चिठ्ठी लावलीय, वर ‘तोरोने’ आणि खाली ‘यात अंडं आहे’. मामीसाठी क्रोक्कांते घेतलंय, त्यावर बिनधास्त ‘चिक्की’ लिहिलं.