मदत हवी आहे: लेबल पुसलेल्या कॉइलची फ्रिक्वेन्सी कशी ओळखावी?

माझ्याकडे मिनलॅब एक्स-टेरा ७०५ हा मेटल डिटेक्टर असून त्याला ३, ७.५ आणि १८.७५ किलोहर्ट्झच्या कॉइल (जमिनीवरून फिरवायच्या शोध-चकत्या) चालतात. वापरलेल्या घेतलेल्या दोन कॉइलवरील लेबले खाऱ्या हवेने पार पुसली आहेत. मल्टिमीटरने वायंडिंग (आतल्या तारेचे वेढे) सलग असल्याची खात्री केली, पण त्यावरून फ्रिक्वेन्सी कळत नाही. कॉइल बंद करणारे एपॉक्सी (घट्ट राळ) फोडायचे नाही. ऑसिलोस्कोप (विद्युत लहरी पडद्यावर दाखवणारे उपकरण) मिळू शकतो.

गुहागरच्या किनाऱ्यावर हरवलेल्या अंगठ्या, मंगळसूत्राच्या वाट्या शोधून देण्यासाठीच हे यंत्र वापरतो. ओहोटीनंतरची ओली खारी वाळू वीजवाहक असल्याने तिथे कमी फ्रिक्वेन्सी शांत चालते, मात्र सोन्याची बारीक वाटी जास्त फ्रिक्वेन्सीलाच चांगली सापडते. त्यात काळ्या (लोहखनिजयुक्त) वाळूच्या पट्ट्यावर ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीतील खनिजांचा परिणाम वगळणारी जुळणी, सतत ढळतो.

कॉइल न उघडता तिची फ्रिक्वेन्सी ऑसिलोस्कोपने नेमकी कशी मोजावी, आणि अशा ओल्या वाळूत बारीक सोन्यासाठी यांपैकी कोणती कॉइल लावावी?