मदत हवी आहे: मेलेला मुलगा परत येतो, पण भीती येत नाही

भयकथा लिहितेय, मधेच अडलेय. बुडून गेलेल्या मुलाला आई तिसऱ्या रात्री परत आणते. कसं आणते ते सांगायचंच नाहीये, तेव्हा मंत्रतंत्र सुचवू नका.

मृत्यूनंतर साधारण १२ तासांत शरीर पूर्ण ताठरतं, आणि पुढे दीड-दोन दिवसांत पुन्हा सैल पडतं. हे मी वापरलंय: त्याची बोटं सहज वळतात आणि आईला वाटतं, जीव आला. इथवर जमलंय.

घोळ पुढे आहे. मुलगा राक्षसी केला की नुसती पळापळ होते, आईचं दुःख बाजूलाच पडतं. पूर्वीसारखाच ठेवला तर भीती उरत नाही. जेकब्स यांच्या १९०२ च्या 'द मंकीज पॉ' या इंग्रजी भयकथेत मेलेला मुलगा परत आल्यासारखी दारावर थाप पडते, पण दार उघडेपर्यंत बाहेर कोणी उरत नाही. ती सोय मला नाही (आणि तसं जमायला हातही तसाच लागतो). माझा मुलगा घरात राहतो, जेवायला बसतो.

निवेदन आईचंच, प्रथमपुरुषी. रक्तपात नको, 'सगळं स्वप्न होतं' तर नकोच. आईच्या लक्षात येण्याआधी वाचकाला कळेल अशी, त्याच्या वागण्यातली पहिली खूण कोणती असावी?