मदत हवी आहे: जे. जे.च्या जुन्या विद्यार्थिनींची चित्रं कुठे पाहता येतील?

माझी भाची दहावीनंतर चित्रकलेकडे वळायचं म्हणतेय. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून रझा, गायतोंडे, बरवे शिकून गेले, हे तिला ठाऊक आहे. गणपतराव म्हात्र्यांनी विद्यार्थिदशेतच 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प घडवलं, हे ऐकून तर ती थक्कच झाली! पण तिचा प्रश्न एकच: "मामा, मुली नव्हत्या का?"

होत्या की. चित्रकार धुरंधरांची कन्या अंबिका धुरंधर, अँजेला त्रिंदाद. त्रिंदाद पितापुत्रींची चित्रं पणजीच्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेत आहेत, तिथे तिला नेणारच आहे. अंबिकाबाईंची मूळ चित्रं मुंबई-पुण्याकडे कुठे पाहता येतील? छापील नकोत, तिला रंगांचे फटकारे जवळून बघायचे आहेत. आणखी कोणा विद्यार्थिनींची नावं सुचतात? कृपया सांगा.